दुसरी हाक

दुसऱ्यांदा हाक आली तेव्हाही मी ओ दिली नाही.

पहिली हाक होती 'चांगुणाबाई'. दुसरी नुसती 'चांगुणा'. आवाज डाव्या अंगाने, खालच्या गवतातून आला. जैबुन माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली, "कुंदा बोलवतेय."

"गप ऱ्हा," मी म्हटलं. "तिसरी येऊ दे."

"अगं तिचाच आवाज हाय."

"तुझ्या अम्मीनं काय शिकवलंय तुला? तिसरी येऊ दे."

आम्ही कड्याच्या सावलीत होतो. मी एका धोंड्यावर बसले, पिशवीतून पेरू काढला आणि खाल्ला. अख्खा खाल्ला. तिसरी हाक आली नाही.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. यंदा पुन्हा तेच दिवस आले आहेत. गणपती गेले, पाऊस दमला, दुपारी ऊन पाठीला चटका देऊ लागलं. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला आहे. चौथ्या मजल्यावरून माथेरानची रांग सगळी दिसते. शेजारची सून रोज सकाळी फोन घेऊन गच्चीवर जाते, डोंगराचे फोटो काढते आणि मला दाखवते. "आजी, काय हिरवंगार आहे बघा." मी बघते. ती हिरवं बघते, मी गवत किती वाढलं ते बघते. गवताचे शेंडे पिवळे पडायला लागले की समजावं, ते छातीच्या वर गेलं. त्या दिवशी तेवढंच होतं.

हे गवत लांबून मऊ दिसतं. आत शिरलं की पात्याची धार हाताला कळते, कोपरापर्यंत बारीक ओरखडे उठतात आणि घाम लागला की चुरचुरतात. त्याला एक वास असतो, ओल्या गोणपाटासारखा. मुळाशी पाणी असतं, दगड झाकलेले असतात. सगळ्यात वाईट म्हणजे जमीन कुठे संपते ते गवत सांगत नाही. कड संपली तरी ते पुढे झुकून वाढलेलं असतं. वरून बघणाऱ्याला वाटतं, अजून चार पावलं जागा आहे.

मला हे माहीत होतं. माझं माहेर त्या डोंगराच्या पायथ्याचं. आठव्या-नवव्या वर्षापासून मी आईबरोबर लाकडाला वर जायचे. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची माझी शाळा तीच. पायथ्याच्या ओढ्यावर आई थांबायची. लुगडं वर खोचायची, डोक्यावरची चुंबळ सारखी करायची आणि आम्हा पोरींना दरवेळी तेच सांगायची. "नाव घेऊन हाक मारायची तर तीन येळा मारायची. एका हाकेला ओ देयाची नाय. दुसऱ्या हाकेला देयाची नाय. तो दोनदाच हाक मारतो. तिसरी हाक माणसाची." तो म्हणजे कोण, हे तिने कधी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

मोठी झाल्यावर मला त्यातली मेख कळली. कडा आवाज फिरवतो. खाली मारलेली हाक वरून आल्यासारखी वाटते, धुकं असलं तर चारी बाजूंनी येते. एका हाकेवर पोर धावली तर नेमकी उलटीकडे धावेल. तीन हाका ऐकल्या की कान ठरतो, कोण आहे, कुठे आहे. आईचं भूत असं कामाचं होतं. तिचा नियम न ओळखलेल्या आवाजासाठी होता. कुंदाताईचा आवाज मी पहिल्या हाकेलाच ओळखला होता.

कुंदाताई आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. मास्तरीण होती, निवृत्त झाली आणि मुलाकडे खांदा कॉलनीत आली. सकाळी बागेत फेऱ्या मारताना ओळख झाली. बागेच्या जागी पूर्वी आमची भाताची खाचरं होती. ती चालताना झाडांची नावं विचारायची आणि मी सांगितलं की वहीत लिहून घ्यायची. जैबुन जुन्या पनवेलची, बाजाराच्या मागच्या मोहल्ल्यातली. लेकीकडे राहायला म्हणून ती इकडे आली आणि आमच्यात मिसळली. जैबुनला चालायला आवडायचं नाही, बोलायला आवडायचं, म्हणून ती चालायची.

डोंगराचं काढलं कुंदाताईनेच. "चांगुणाबाई, तुमच्या माहेरच्या डोंगरावर न्या आम्हाला एकदा. अख्खा दिवस. एका वाटेने चढू, दुसऱ्या वाटेने उतरू." मी म्हटलं, "त्याला आमी फेरा बोलतो." तिने तेही वहीत लिहिलं. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. ज्या वाटेवर मी मोळी वाहून मान मोडली ती वाट बघायला शिकलेली बाई येते म्हणजे काय. पंधरा दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

सकाळी सातला भाच्याने रिक्षाने पायथ्याशी सोडलं. माझ्याकडे तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी, कुंदाताईकडे थालीपिठं, जैबुनकडे सांदणं. कुंदाताईच्या पायात नवे कोरे बूट, हातात काठी, तिला टोकाला लोखंडी अणी. मी लुगडं खोचलेलं आणि नातवाचे जुने कॅनव्हासचे बूट. जैबुन म्हणाली, "एक साहेबीण आन एक हमाल. मी मधे कोण दिसते?" कुंदाताई म्हणाली, "तुम्ही हमालाचं बक्षीस दिसता हो, जैबुनबी." असं हसत आम्ही ओढ्यापर्यंत गेलो.

ओढ्यावर मी नारळ काढला. तिथे शेंदूर लावलेला दगड आहे, पहिल्यापासून. मी नारळ फोडला तेव्हा कुंदाताई बुटाची नाडी आवळत होती. ती म्हणाली, "नारळ फोडला की चढ कमी होतो का हो, चांगुणाबाई?" सहज म्हणाली. तिचा स्वभावच तसा, वर्गात पोरांना म्हणावं तसं. जैबुनसुद्धा हसली. मी खोबरं वाटलं, पण मनात काहीतरी टोचून राहिलं.

तीन हाकांचं मी तिथे सांगायला हवं होतं. आईने शंभर वेळा तिथेच सांगितलेलं. शब्द तोंडात आले होते. पण म्हटलं, ही त्यालाही हसेल, वहीत लिहील, मुलाला वाचून दाखवेल. जैबुनला सांगायची गरज नव्हती, कोकणातल्या मुसलमान बाया हे आईच्या पोटातूनच शिकून येतात. जिला सांगायचं होतं तिला सांगितलं नाही, आणि जो नियम तिला माहीतच नाही तो मी तिच्यावर लावला.

चढ बरा झाला. ठाकरवाडीत एका घरी पाणी प्यायलो. म्हातारी भोपळा चिरत बसली होती. तिने आम्हाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "घरातून काढल्यान का तुमाला?" जैबुन एवढी हसली की तिला ठसका लागला. वर पठारावर सोनकी फुललेली, सगळं पिवळं. कुंदाताई फुलं बघून गप्प झाली. ती गप्प झालेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. मग म्हणाली, "माझी पंचावन्न वर्षं फळ्यासमोर गेली." पंचावन्न कशी, तिने लहानपणची शाळाही धरली असावी. असे तीस डोंगर तरी बघायचे आहेत, म्हणाली. यादी केली होती तिने.

पठाराच्या टोकाला दोन वाटा फुटतात. एका बाजूला हौशी पोरांनी दगडांवर पांढऱ्या रंगाचे बाण काढलेले. दुसरी आमची जुनी वाट, कड्याच्या पोटाने जाणारी.

"बाण इकडे आहे," कुंदाताई म्हणाली.

"बाण कालचे हायत. वाट माझ्या आज्याची हाय."

"आज्याची वाट गवताने खाल्ली, चांगुणाबाई. दिसतेय का कुठे? तुम्ही शेवटच्या कधी आला होतात इथे?"

"लग्नाच्या आदी."

"म्हणजे पन्नास वर्षं झाली."

जैबुन म्हणाली, "पन्नास वर्षांत नवरा वळखू येत नाय, वाट काय येयाची." दोघी हसल्या. मी हसले नाही. मी म्हटलं, "तुमी जावा बाणानं. मी जाते माझ्या वाटेनं." कुंदाताईने काठी माझ्या वाटेकडे वळवली. मग म्हणाली, "रागावू नका हो. चला तुमच्या वाटेने. तुम्हीच आमच्या मास्तरीण आज."

ती माझ्या वाटेने आली ती अशी, माझं मन राखायला. बाणाच्या वाटेने गेलो असतो तर ती आज पायांनी जिने उतरत असती.

मी पुढे सुटले. मुद्दाम भरभर चालले. गवत छातीएवढं, पायाखाली वाट होती पण ती डोळ्यांना दिसत नव्हती, तळव्याला कळत होती. माझ्या तळव्याला कळत होती. मागच्यांना मीच दिसणं ही त्यांची वाट होती, हे मला चांगलं ठाऊक होतं. मागून कुंदाताई म्हणाली, "थांबा जरा, फोटो काढते." मी म्हटलं, "या तुमी," आणि थांबले नाही. जैबुन माझा पदर धरून चालत होती म्हणून माझ्याबरोबर राहिली. कड्याच्या सावलीत पोचलो तेव्हा मागे गवत नुसतं उभं होतं, त्यात माणूस हलत नव्हतं.

मग त्या दोन हाका आल्या.

मी काय विचार करत होते ते मला नीट आठवतं. राहू दे थोडी एकटी. कळू दे वाट कुणाची हाय ती. आणि दुसरी हाक आली, नुसती 'चांगुणा', तेव्हा मी मनाला सांगितलं की ही ती नव्हेच, ती मला बाई म्हटल्याशिवाय बोलत नाही. एवढी हुशारी मी आयुष्यात दुसऱ्या कशात दाखवली नाही. जिवावर बेतलं की बाई-ताई गळून पडतं, हे काय मला माहीत नव्हतं? दोन बाळंतपणांत मी सासूला नावाने हाक मारली आहे.

पेरू संपला. मी बिया थुंकल्या. जैबुन म्हणाली, "चांगुणा, मी जाते बघायला. तू बस तुझ्या तिसऱ्या हाकेला धरून." तेव्हा मी उठले.

मागे जाताना आधी काठी दिसली, गवतात तिरकी रुतलेली. पुढे गवत आडवं झालेलं आणि एका जागी ढेकळासकट उपटलेलं. मी पोटावर पडून खाली बघितलं. घळ होती. दोन माणसांच्या उंचीएवढं खाली, कुड्याच्या झाडाला ती अडकली होती, कुशीवर. कपाळातून रक्त येऊन एक डोळा मिटला होता. दुसरा उघडा होता. एक पाय ज्या दिशेला होता त्या दिशेला पाय जात नाही.

मी उतरले. कशी उतरले ते विचारू नका, मुळं धरून, बसून, घसरत. जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "आलात?" मग म्हणाली, "मला वाटलं, ऐकूच आलं नाही तुम्हाला."

"नाय आलं," मी म्हटलं. "वारा व्हता."

तिथे पान हलत नव्हतं.

पुढचं सगळं मी नीट केलं, हे मला म्हटलंच पाहिजे. पदर फाडून डोकं बांधलं. जैबुनला वरच बसवलं, कुंदाताईशी बोलत राहा म्हटलं, झोपू देऊ नको. ठाकरवाडीत पळत गेले. पासष्ट वर्षांची बाई जेवढी पळेल तेवढी पळाले, दोनदा पडले. भोपळा चिरणाऱ्या म्हातारीचा मुलगा, काळू, दोर आणि बांबू घेऊन आला, त्याची बायको गोधडी घेऊन आली, आणखी तिघं आले. काळू घळीत उतरला आणि मला म्हणाला, "आजी, बाजूला हो, तू मधी लुडबुड करतेस." मी बाजूला झाले नाही. झोळीच्या एका टोकाला मी हात लावला तो थेट पायथ्यापर्यंत. जैबुन मागून चालत दुआ म्हणत होती आणि मधे मधे कुंदाताईला सांगत होती, "आता तूच बक्षीस, बघ कसं मिरवत नेतायत." कुंदाताई कण्हताना हसायला गेली. पाच तास लागले.

पनवेलला दवाखान्यात खुब्याचं हाड जोडलं. आठव्या दिवशी ती नीट बोलायला लागली. खाटेभोवती तिचा मुलगा, सून, इमारतीतल्या बाया. ती सांगत होती. पाय घसरला तेव्हा एक गवताचा झुबका हातात आला. त्याला धरून ती बराच वेळ लोंबकळत होती. दोनदा हाक मारली. मग म्हटलं, दम जपून ठेवावा. "तिसऱ्यांदा तोंड उघडलं," ती म्हणाली, "आणि तेवढ्यात झुबका मुळासकट आला."

खाटेच्या पलीकडे जैबुन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग खिडकीबाहेर बघायला लागली.

तेव्हापासून सहा वर्षं कुंदाताई मला माणसांना दाखवते. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की वॉकर थांबवते. "ह्या चांगुणाबाई. ह्यांच्यामुळे मी आज आहे." मी म्हणते, "जाऊ द्या वो." लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो. तिची सून सणाला पहिलं ताट माझ्याकडे पाठवते. मी ते खाते. सांगायचं म्हणून किती वेळा तिच्या दारापर्यंत गेले आणि कोथिंबीर मागून परत आले.

भीती कसली होती ते सांगते. ती ओरडेल, लोकांना कळेल, त्याची मला फार पर्वा नव्हती. पण रोज चार वाजता मी तिच्याकडे चहाला जाते. ती पेपर मोठ्याने वाचते, मी भाजी निवडते. माझ्या वयाच्या, माझ्याशी रोज बोलणाऱ्या बाया आता उरलेल्या नाहीत. ते चार वाजता जाणं मला सोडायचं नव्हतं.

जैबुन गेल्या वर्षी आजारी पडली, साखर वाढून पायापर्यंत गेली होती. मी भेटायला गेले तेव्हा तिने लेकीला बाहेर पाठवलं. म्हणाली, "तिला सांग. मी सांगितलं तर चुगली होईल. आन माझं पन सांग, मी पन गप बसलेली." मी बरं म्हटलं. पण ती वारल्यावरही मी सांगितलं नाही. उलट वाटलं, आता कुणाला ठाऊक नाही. असं वाटलं, हे मी लिहून ठेवते.

यंदा कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी कोजागिरीला माझा सत्कार ठरवला. शाल, श्रीफळ. कुंदाताईनेच अर्ज दिला होता. गेल्या आठवड्यात मंगळवारी चार वाजता तिने मला कागद वाचून दाखवला, कार्यक्रमात वाचायचा होता तो. मी भेंडी पुसत होते. चांगलं लिहिलं होतं तिने. गवत, सोनकी, ठाकरवाडीची म्हातारी, सगळं होतं. मग आलं, "वाऱ्यामुळे माझी हाक चांगुणाबाईंना ऐकू गेली नाही, तरीही त्या शोधत आल्या."

"ते खोड," मी म्हटलं.

"का? बरं नाही वाटत?"

"वारा नव्हता."

तिने चष्म्यावरून बघितलं.

"ऐकू आल्या व्हत्या. दोन्ही," मी म्हटलं.

मग मी सगळं सांगितलं. आई, ओढा, दोन हाका, तिसरी हाक. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडची समजूत होती ती. तुम्हाला खरंच वाटलं असेल."

तिने मला दार उघडून दिलं होतं. मी बाहेर पडू शकले असते.

"नाय," मी म्हटलं. "तुजा आवाज मी वळखला व्हता. राग आल्ता म्हणून बसले. जैबुन जाऊया बोलत व्हती, मीच तिला गप केलं. ती बोलली, तिचं पन सांग."

इतक्या वर्षांत तिला मी पहिल्यांदा अगंतुगं केलं, तेही नंतर माझ्या ध्यानात आलं.

कुंदाताईने कागदाची घडी घातली. घडीवरून नख फिरवलं. मग तिने विचारलं, "आजच का सांगितलंत?"

"शाल नको व्हती."

"म्हणजे तुमच्या सोयीने. सहा वर्षं सांगितलं नाहीत तेही तुमच्या सोयीने." तिचा आवाज चढला नाही. वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराशी बोलावं तसं बोलली. "मी रात्री जागी असले ना, की तुमचा चेहरा आठवायचे. वर गवतातून डोकावलेला. त्यावर मला झोप लागायची. आता मी काय आठवू?"

भेंडी तशीच राहिली. ती म्हणाली, "जाताना दार ओढून घ्या."

आज नऊ दिवस झाले. चार वाजतात, मी घरीच चहा करते. सत्काराला मी नाही म्हणून कळवलं, का ते कुणाला सांगितलं नाही, तिनेही सांगितलेलं दिसत नाही. तिची सून जिन्यात भेटली तर पहिल्यासारखीच बोलते. मन हलकं झालं का, असं कुणी विचारलं तर नाही झालं. पूर्वी जे एकटीजवळ होतं ते आता तिच्याजवळही आहे, एवढंच.

फेऱ्याला आम्ही तिघी गेलो होतो आणि तिघी जिवंत उतरलो. जैबुन गेल्या वर्षी अल्लाच्या घरी गेली. कुंदाताई तिसऱ्या मजल्यावर आहे. मी चौथ्यावर आहे.